तिसरा नारळ

(समुद्रकाठची झापांची खोप. आत किनाऱ्यावरून ओढायची रापणीची जाळी, दोर, वल्ही. सकाळ. स्टुडिओवाला क्लाइव्ह फर्नांडिस मधल्या खांबाला बांधलेला. समोर गावपुढारी गुरुदास आणि रापणीचा म्होरक्या बाबली.)

गुरुदास: मी आपल्याला अत्यंत नम्रपणे विनंती करतोय, क्लाइव्हसाहेब. कालचा फोटो डिलीट करा.

क्लाइव्ह: आणि मी तितक्याच नम्रपणे सांगतोय, ह्या कॅमेऱ्यात डिलीट नाही.

गुरुदास: बटण कुठलं ते फक्त दाखवा. दाबायचं काम आमची पोरं करतील.

क्लाइव्ह: बटण नाही, पडदा नाही. आत रीळ असतं. उजेड आत गेला की त्याच्यावर उमटतो, आणि उमटला की उमटला. तुमच्या शाळेचा ग्रुप फोटो मी असाच काढलेला. तुम्ही पहिल्या रांगेत बसून रडत होतात. तोही अजून डिलीट झालेला नाही.

गुरुदास: बाबलीकाका, जरा.

बाबली: खंय मारू?

गुरुदास: ते तुम्ही बघा. मी प्रक्रियेत हस्तक्षेप करत नाही.

क्लाइव्ह: ...बाबल्या, दात पडलो.

बाबली: खंयचो?

क्लाइव्ह: बाजूचो. सकाळी चष्मो फोडलास, आता दात. कायतरी एक ठरवा.

गुरुदास: तुमची दिशाभूल होऊ नये म्हणून परिस्थिती परत मांडतो. काल सकाळी, रात्रीची मोठे दिवे लावून मासेमारी करणारी बाहेरची बोट आपल्या हद्दीत घुसली. वर्षभराची मासळी एका रात्रीत खरवडून नेतात हे लोक. आपल्या रापणकरांनी होड्या घालून ती अडवली, दोर लावून वाळूवर ओढली, आणि त्या धावपळीत त्यांचा एक खलाशी वल्ह्याच्या संपर्कात आला.

क्लाइव्ह: डोक्यानं आला.

गुरुदास: डोक्यानं आला. आता किनाऱ्यावर अख्खा गाव होता. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. सगळ्यांनी शूटिंग केलं, आपल्याशी खोटं कशाला बोलू. मग दुपारी देवळात जमलो. पायरीवर मोबाइल मांडले आणि देवासमोर एकेकानं डिलीट केलं. नर्मदाकाकीला जमेना, तिचं मी स्वतः करून दिलं. नारळ ठेवले, गाऱ्हाणं घातलं की काल जे झालं ते कोणी बघितलं नाही. गाव एक झाला. राहिलात तुम्ही.

क्लाइव्ह: म्हणजे मारामारीचं शूटिंग न करणारा मी एकटाच, म्हणून मी बांधलेला.

गुरुदास: तुमची एवढी मोठी नळी आमच्या दिशेला होती.

क्लाइव्ह: काकणाच्या दिशेला होती.

गुरुदास: कोणाच्या?

क्लाइव्ह: काकण. समुद्रावरचा गरुड, पांढऱ्या पोटाचा. देवळामागच्या सुरूवर घरटं आहे. तुमच्या गच्चीतून दिसतं, मोबाइलमधून मान वर केलीत तर.

गुरुदास: पक्षी मोबाइलवर काढता येत नाहीत का? सगळं जग काढतं.

क्लाइव्ह: त्यात ठिपका येतो.

गुरुदास: मग ठिपका काढायचा. कोणाला त्रास नाही. आज तुमच्यावर ही वेळ आली नसती. बरं, कॅमेरा आमच्या पोरांनी उघडला. आत काही नव्हतं. म्हणून आपटला.

क्लाइव्ह: रिकामा होता म्हणून आपटला?

गुरुदास: रिकामा निघाल्यावर मुलांचा भावनांवर ताबा राहिला नाही. रीळ कुठे आहे?

क्लाइव्ह: धुतलं.

गुरुदास: धुतलं म्हणजे साफ झालं ना?

क्लाइव्ह: उलट. धुतल्यावर दिसायला लागतं.

गुरुदास: काका, तुम्ही स्टुडिओ नीट तपासलात ना?

बाबली: सगळो पालथो घातलंय. पासपोर्टाचे फोटो, मेलेल्यांचे फ्रेम केलेले फोटो, औषधाच्यो बाटल्यो. माझ्या बापाशीचो पण फोटो होतो, हार घालूक आणलेलो, तो न्हेवकच इसारलेलंय. समुद्राचो एकव नाय.

गुरुदास: साहेब, फोटो काढताना तुम्ही कुठल्या बोटानं दाबता?

क्लाइव्ह: ह्या.

गुरुदास: मग त्याच्यापासून नको. करंगळीपासून सुरू करूया. म्हणजे वाटाघाटीला वाव राहतो. काका.

बाबली: क्लाइव्ह, दात आवळून धर.

क्लाइव्ह: जे रवलेत ते?

बाबली: तेच.

गुरुदास: ...आवाज आला?

बाबली: इलो. तुमी आयकूक नाय?

गुरुदास: मी दुसरीकडे बघत होतो. क्लाइव्हसाहेब, शुद्धीवर आहात? छान. मी फौजदारसाहेबांना सरपंचांच्या खळ्यात चहाला बसवून आलोय. सिद्धेशला त्यांच्या ताब्यात देतो आणि येतो. तोवर उरलेली चर्चा काकांनी पुढे न्यावी.

क्लाइव्ह: सिद्धेशला? बाबलीच्या मुलाला? कशासाठी?

गुरुदास: कुठल्याही प्रकरणाला एक नाव लागतं. गावानं एकमतानं सिद्धेशचं दिलं. तरुण आहे, मागे एकही गुन्हा नाही, वागणूक उत्तम.

क्लाइव्ह: वागणूक उत्तम म्हणून तुरुंगात?

गुरुदास: निवड गुणवत्तेवर झाली. जखमी माणूस चार दिवसांत उठून बसेल, पोरगा जामिनावर घरी येईल, आणि गाव त्याला विसरणार नाही. पुढच्या निवडणुकीत त्याचा विचार होऊ शकतो. दार बाहेरून लावतो. दोन पोरं बसलीत, काही लागलं तर हाक मारा. पाणीबिणी.

बाबली: ...गेलो?

क्लाइव्ह: गेलो. चप्पल घासत चलता, आयकाक येता.

बाबली: हात दी.

क्लाइव्ह: पाठीमागे बांधलेलो हात कसो देव?

बाबली: सोडतंय. रव. ही जाळी विणूची सुई बोटाक लावतंय, वरसून दोरो गुंडाळतंय. हलव नको.

क्लाइव्ह: मोडतंस तू, बांधतंस पण तूच.

बाबली: मोडूक तेणी सांगल्यान. बांधूक कोणी सांगूक नाय, ता माझा मी करतंय. दुखता?

क्लाइव्ह: नाय. मजा येता. बाबल्या, सिद्धेशान वल्हा मारल्यान?

बाबली: गावान ठरवला.

क्लाइव्ह: ठरवला ता आयकलंय. मारल्यान काय?

बाबली: माका म्हायत नाय.

क्लाइव्ह: तो निळ्या बनियनचो खलाशी उताणो पडलो तेवा तू तेच्या उशाक उभो. हात लांब केलो असतंस तर लागलो असतो. तू काय बघलंस?

बाबली: मी कायेक बघूक नाय.

क्लाइव्ह: बाबल्या.

बाबली: बघूक नाय म्हणान देवाक सांगलंय. दुपारी गाऱ्हाणा झाला. विनीत गावकार हात जोडून उभो रवलो. 'बा देवा म्हाराजा, ह्या किनाऱ्यार जा काय झाला नी जा काय होयत, ता हेंच्यातल्या कोणी बघूक नाय, कोणी आयकूक नाय.' आमी सगळ्यांनी म्हटला, व्हय म्हाराजा. माझो आवाज सगळ्यात मोठो. माका वाटला, रापणीचो मुखत्यार मी, माझो आवाज मोठो होवक व्हयो.

क्लाइव्ह: नी सिद्धेश?

बाबली: माझ्या बाजूक. तेणी पण म्हटल्यान. नी सांजेक बैठक झाली, तेवा कळला की जा तेणी बघूक नाय, ता तेणीच केल्यान.

क्लाइव्ह: मगे तू तेवा उठान बोलूचा नाय?

बाबली: काय बोलू? माका दिसला म्हणान सांगू? दुपारी देवाक नाय म्हटलंय. माझ्या आज्यान एकदा गाऱ्हाण्यातलो शब्द फिरवल्यान. तेची होडी खंय गेली ता अजून कोणाक समजाक नाय. तीत माझो चुलतो होतो.

क्लाइव्ह: तुझी बायल काय म्हणता, मथुरा?

बाबली: ती काल माशे घेवन मालवणच्या बाजारात. घराक इली तेवा सगळा संपलेला. म्हणता, मी बाजारात गेलंय हीच माझी चूक. मी थंय असतंय तर बघलंय असतंय, नी देवळात ताठ उभी रवान सांगलंय असतंय, माका दिसला म्हणान. कालपासून चूल पेटवूक नाय. माझ्याकडे बघना पण नाय. तिना कसलाच गाऱ्हाणा घालूक नाय, तरी बघना नाय.

क्लाइव्ह: तू खरा सांग. तुका दिसता काय?

बाबली: डोळे मिटले की दिसता. उघडले की नाय.

क्लाइव्ह: ...गाऱ्हाण्यात माझा नाव घेतलास?

बाबली: तुझा?

क्लाइव्ह: पयलो नारळ गावकाराचो, दुसरो रापणीचो, तिसरो फर्नांडिसांचो. आमी किरिस्ताव झालव तरी तो मान चुकूक नाय. आमी देवळात येव नाय तर नाय येव, नारळ ठेवतास, नाव घेतास, शिमग्याक प्रसाद घराक धाडतास. काल ठेवलास?

बाबली: काल घाई होती.

क्लाइव्ह: ठेवलास काय?

बाबली: पोलिसांची जीप तिठ्यार इली म्हणान फोन इलो. गुरुदासान सांगल्यान, थोडक्यात आटपा. दोनच नारळ ठेवले.

क्लाइव्ह: इसारलास.

बाबली: रागावलंस?

क्लाइव्ह: चष्मो फोडलास, दात पाडलास, कॅमेरो आपटलास, बोट मोडलास. ता मी समजान घेतंय, गावात रवाचा तर चलता. पण तिसरो नारळ, बाबल्या? माझो बापूस थडग्यात उठान बसलो असतलो.

बाबली: चुकला. पाया पडतंय तुझ्या.

क्लाइव्ह: पाया पडू नको, पायाक दोर आसा. तो सोड आधी.

बाबली: रव, रव. म्हणजे तू गाऱ्हाण्यात नाय.

क्लाइव्ह: नारळच ठेवूक नाय तर खंयसून असतलंय?

बाबली: तुझ्या नावान कोणी व्हय म्हाराजा म्हणूक नाय.

क्लाइव्ह: ताच सांगतंय मघापासून. अपमान झालो.

बाबली: अपमान ठेव बाजूक. मगे तू बघलंस. सगळ्या गावात तू एकटो बघलंस. सांग माका. आयकूक नाय असा पण मी म्हटलंय, पण तू सांग. मी जाळ्याकडे बघतंय.

क्लाइव्ह: मी किनाऱ्यावयल्या खडपार रोज सकाळी जावन बसतंय. घरट्यात पिलू आसा. तेचो बापूस दिसातून एकदा तरी मासो धरूक खाली येता, पण माझ्या समोर कधी येवक नाय. सदा उन्हाच्या बाजून. काल इलो. तुमी पाणी ढवळलेला, आरडाओरड, शिवीगाळ, मासो घाबरान वर इलेलो. ता काकण सरळ खाली इला, पाय पुढे, पंख मागे. सगळी लेन्स भरली. नी तेच्या मागे, धुकट, एक लांब काठी वर गेली.

बाबली: वल्हा.

क्लाइव्ह: तेवा माका काय म्हायत? ती लेन्स तसली आसा. एका वेळेक एकच स्पष्ट दिसता, जवळचा नायतर लांबचा. मी लेन्स काकणार लावलेली. तो एक फोटो मिळाचो म्हणान किती सकाळी मी त्या खडपार भिजलंय ता माका म्हायत. नी लेन्सवरचो हात आपोआप फिरलो. काकण धुकट झाला, माणूस स्पष्ट झालो, नी मी दाबलंय.

बाबली: कोण माणूस?

क्लाइव्ह: पांढरो इस्त्रीचो शर्ट, बाह्यो दुमडलेल्यो. दोनव हातान वल्हा डोक्यार धरलेला. तोंड उघडा. खिशातला पेन पण दिसता. नाव मी घेव काय तू घेतंस?

बाबली: तू घे. मी घेवक नाय.

क्लाइव्ह: गुरुदास. सगळ्या जन्मात इतको स्पष्ट फोटो माका मिळाक नाय. नी तो मेल्या गुरुदासाचो.

बाबली: नी सिद्धेश? सिद्धेश खंय होतो?

क्लाइव्ह: कडेक. कमरेइतक्या पाण्यात. दोनव हातान बोटीचो दोर धरलेलो, पाठ आमच्याकडे. क्रिकेटचो शर्ट घातलेलो ना तेणी, टूर्नामेंटचो? पाठीर तेचा नाव आसा. वाचाक येता.

बाबली: दोर सोडू नको म्हणान मीच सांगलेलंय तेका. काय झाला तरी मागे बघू नको म्हटलंय.

क्लाइव्ह: बघूक नाय तेणी. एकटो तोच खरा बोललो देवळात.

बाबली: तो मारीत होतो ना पण, गुरुदास? एकदा नाय. खलाशी हात जोडीत होतो. काय बोलत होतो ता समजाक नाय, तेची भाषा येगळी. रक्त माझ्या पायार इला. गरम होता.

क्लाइव्ह: तू बघूक नाय ना?

बाबली: पायान बघलंय. पायाचा काय गाऱ्हाणा घालूक नाय. क्लाइव्ह, ता रीळ खंय आसा? खरा सांग. दुसऱ्या बोटाक हात लावणार नाय मी.

क्लाइव्ह: स्टुडिओत. मागल्या खोलीत दोरयेर लोंबकळता, कपड्याच्या चिमट्यान लावलेला. काळीशी लांब पट्टी.

बाबली: ती? माका वाटला माशयो चिकटूची पट्टी. वैनीच्या दुकानात गुळाच्या वर लावतत तशी. मी तिच्या खालसून चार वेळा गेलंय. एकदा केसाक पण लागली.

क्लाइव्ह: नख लागाक नाय ना?

बाबली: नाय. बाजूक केलंय नी गेलंय.

क्लाइव्ह: बरा केलंस. तुका खरा सांगू? काल धुवन वाळत घातली तेवाच ती चौकट बघलंय. रात्रभर पडान इचार केलंय. सकाळी कात्री घेतलंय. म्हटला, तेवढीच चौकट कापूची नी चुलीत टाकूची. माका काय करूचा आसा? मी ह्याच गावात रवतंय. गुरुदासाच्या पोरीच्या वाढदिवसाचे फोटो पण माकाच काढूचे आसत. कात्री उघडलंय, इतक्यात तुमी लाथ मारून दार पाडलास.

बाबली: म्हणजे आमी नसतव इलव तर...

क्लाइव्ह: तर तुमका व्हया ता मीच केलंय असतंय. फुकट. चाय पण दिलंय असतंय.

बाबली: आता काय करतलंस?

क्लाइव्ह: आता माका राग इलो.

बाबली: बोटाचो?

क्लाइव्ह: नारळाचो. चप्पल वाजली. बांध माका परत.

बाबली: बांधल्यासारखा करतंय. हात मागेच ठेव, दोर नुसतो वेढलंय.

गुरुदास: आलो, आलो. सगळं शांत दिसतंय. किती झाली?

बाबली: एक.

गुरुदास: मघाचीच? काका, ह्याला दिरंगाई म्हणतात. आणि हे बोटाला काय बांधलंय? आपण उपचार पण करतो का? असो. एक दुःखद बातमी आहे. तो खलाशी दवाखान्यात वारला. फोन आला आत्ताच. त्यामुळे कलम बदललं. आता जामिनाचं मी काही सांगू शकत नाही.

क्लाइव्ह: त्याचं नाव काय होतं?

गुरुदास: कोणाचं?

क्लाइव्ह: वारला त्याचं.

गुरुदास: ते तपासात निष्पन्न होईल. आपण किनाऱ्यावर दोन मिनिटं शांतता पाळू, मी निरोप दिलाय.

बाबली: सिद्धेश खंय आसा?

गुरुदास: जीपमध्ये बसवला. साहेबांचं लिहिणं चाललंय, झालं की निघतील. पोरगा उत्तम बोलला, काका. साहेबांनी विचारलं, तू मारलंस का? म्हणाला, मी बघूक नाय. साहेब म्हणाले, अरे, तू केलंस की नाही ते सांग. परत तेच. मी बघूक नाय. कानाखाली दोन बसल्या, तरी तेच. शब्दाचा पक्का आहे. तुमचे संस्कार.

बाबली: रडलो?

गुरुदास: नाकातून रक्त येत होतं, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही. आता हा विषय संपवूया. तुमच्यानं होत नाही, मी बघतो. बाजूला व्हा. ते वल्हं द्या इकडे.

बाबली: वल्हा व्हया?

गुरुदास: हो.

बाबली: कालचाच देव? ह्या बघ, हंयच ठेवलंस. पाण्यान धुतलंस, पण लाकडात शिरलेला जाणा नाय.

गुरुदास: काल कुठलंही वल्हं नव्हतं, काका. काय ठरलंय आपलं?

बाबली: बरोबर. नव्हता. मगे ह्या पण नाय.

गुरुदास: काका, काय करताय... आवशी गेऽ! बाबल्या, मारलंस रे माका. हात गेलो. माझो हात गेलो.

क्लाइव्ह: मालवणी येता तुमका, गुरुदास. माका वाटला इसारलास.

बाबली: ता सिद्धेशाचा. ह्या त्या निळ्या बनियनवाल्याचा. तेचा नाव मगे निष्पन्न होयत.

गुरुदास: मारू नको रे. पाया पडतंय. पोरांनो, आत येवा रे, ह्यो माका मारून टाकता.

बाबली: आराड. पोरां येवची नाय. मघाशी तुझ्या पाठसून दार लावल्यानी, ता बघूक नाय काय तू? ती माझ्या रापणीची पोरां. आणि तेंनी पण व्हय म्हाराजा म्हटल्यानी आसा.

गुरुदास: ता कालचा रे. ता कालच्यापुरता.

बाबली: कालच्यापुरता कोणी म्हटला? 'जा काय झाला नी जा काय होयत.' थोडक्यात आटपा म्हणान तूच सांगलंस. गावकार दिसाची मुदत घालूकच इसारलो. आता ह्या किनाऱ्यार काय होयत ता ह्या गावाक दिसाचा नाय. खंयचो पाय? ह्यो?

गुरुदास: क्लाइव्हसाहेब. तुमी गाऱ्हाण्यात नाय. तुमचो नारळ ठेवूक नाय, माका म्हायत आसा. तुमी बघतास ना? तुमी साक्ष दिया. सायबाक सांगा.

क्लाइव्ह: दिली असती हो, आनंदानं. पण चष्मा सकाळी तुमच्या पोरांनी फोडला. ह्या अंतरावरून मला तुम्ही धुकट दिसता.

गुरुदास: बाबल्या, नको...

क्लाइव्ह: पुरे कर, बाबल्या.

बाबली: एकच फटको रवलो.

क्लाइव्ह: पुरे म्हणतंय ना. ह्यो मेलो तर तुका पण त्याच जीपीत बसवूचा लागतला, नी मथुरेक एका दिसाक दोघांचो डबो. ठेव ता खाली.

बाबली: ...ठेवलंय. मेलो नाय. श्वास घेता. आता खंयच्याच भाषेत बोलना नाय.

क्लाइव्ह: पायाचो दोर सोड माझ्या. गाठ कसली मारलंस ही?

बाबली: होडीची. ओढली की घट्ट होता. थांब, सुरी खंय गेली. झाला. उभो रव. चलाक जमता?

क्लाइव्ह: पाय मोडूक नाय अजून. स्टुडिओत जातंय, पट्टी काढतंय नी सरळ सरपंचाच्या खळ्यात. पण सायबाक समजावचा लागतला. पट्टीत सगळा उलटा दिसता. ह्येचो पांढरो शर्ट काळोकुट्ट दिसतलो.

बाबली: मगे तसोच दाखव. बरो दिसता.

क्लाइव्ह: नी तुझा काय?

बाबली: मी हंय बसतंय. ह्येका पाणी देतंय. कोण इलो विचारूक तर सांगतंय, मी बघूक नाय. माका आता सवय झाली.

क्लाइव्ह: आयकलंस? काकण ओरडता. पिलाक घेवन गेला वाटता समुद्रार. कॅमेरो असतो तर...

बाबली: क्लाइव्ह, जीप सुटात.

क्लाइव्ह: जातंय. चिमटो काढूक जमूक व्हयो ह्या हातान.

बाबली: रव, एक आयक. शिमग्याक तिसरो नारळ मी माझ्या हातान ठेवतंय. गावकाराक उभो करून तुमच्या घराचा नाव मोठ्यान घेवक लावतंय. सगळ्यात आधी.

क्लाइव्ह: नको.

बाबली: अजून राग आसा?

क्लाइव्ह: नाय. केस संपासर माका गाऱ्हाण्याच्या भायरच ठेव.